टीव्ही गेम, कम्प्युटर आणि अण्णांचा शुक्रवार

परीक्षा संपल्या की लोकांच्या घरी गावाला जायच्या बॅगा भरतात, आमच्या घरी भांडण सुरू होतं. यंदाचं भांडण माझ्या मुलीनं, सईनं, आठवीचा शेवटचा पेपर देऊन आल्या आल्या काढलं. तिला गेम खेळायला काहीतरी घ्यायचं हे आधीच ठरलं होतं. मार्कांच्या बदल्यात तसं कबूल करून तिची आई आणि मी अडकून बसलो होतो. प्रश्न इतकाच होता की टीव्हीला जोडायचा कन्सोल घ्यायचा, की गेमसाठी खास जुळवून घेतलेला कम्प्युटर. यावर तिचं स्वतःशीच एकमत होत नाही. सकाळी ती कन्सोलच्या पक्षात असते आणि संध्याकाळी मैत्रिणीशी फोनवर बोलून पक्षांतर करते. जेवताना मोबाईल पाण्याच्या तांब्याला टेकवून ती मला व्हिडिओ दाखवते. त्यात दोन तरणेताठे पुरुष कन्सोल बरा की कम्प्युटर यावर अशा पोटतिडकीनं बोलत असतात, जणू घरच्या वाटण्या चालल्या आहेत.

"बाबा, तू सांग ना. तुझ्या वेळी काय होतं?"

"दोन्ही होतं," मी म्हणालो आणि हात धुवायला उठलो.

बदलापुरातल्या आमच्या या आठव्या मजल्यावरच्या घरात दुपारी चारपर्यंत खिडकी उघडता येत नाही. गरम वारा सरळ अंगावर येतो. स्टेशनबाहेर करवंदं आणि जांभळं घेऊन बायका बसू लागल्या की समजायचं, मे आला. पानाच्या द्रोणात दिलेली करवंदं मी दरवर्षी आणतो, सई दोन खाते आणि चीक लागतो म्हणून बाकीची ठेवून देते. ती मग आतल्या खोलीत अण्णांना जातात. अण्णा म्हणजे माझे वडील. दीड वर्षापूर्वी त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, बोलणं थोडं जड झालं, बाकी माणूस शाबूत आहे. डाव्या हातानं एकेक करवंद उचलून ते सावकाश खातात आणि बिया मोजल्यासारख्या ताटलीच्या कडेला लावून ठेवतात.

अण्णांकडे पाठ केली की मला दुसरा एक मे महिना आठवत राहतो. माझी दहावी झाली होती तो.

तेव्हा आम्ही अंबरनाथ पूर्वेला राहत होतो. तीन मजली इमारत, दीड खोल्या, वर पत्र्याची शेड घातलेली गच्ची. उन्हाळ्यात त्या गच्चीवर पापड अर्ध्या दिवसात वाळायचे आणि माणसं त्याहून लवकर. अण्णा आनंदनगरला एका कारखान्यात मशीनवर होते. ज्यांनी या भागात दिवस काढलेत त्यांना सांगायला नको, पण बाहेरच्यांना माहीत नसतं की इथल्या कारखान्यांची सुट्टी शुक्रवारी असते. सगळ्या जगाचा रविवार आमच्या घरात शुक्रवारी यायचा. मटण शुक्रवारी, दाढी शुक्रवारी, पाहुण्यांकडे जाणं शुक्रवारी. वर्षभर मी त्या दिवशी शाळेत असायचो. अण्णा घरी आणि मी वर्गात, रविवारी मी घरी आणि अण्णा कामावर. त्यामुळे बाप-लेकाला एकमेकांचा अख्खा दिवस मिळायचा तो फक्त मे महिन्यात. अण्णा त्या शुक्रवारांची वाट बघायचे. मीही बघायचो, दहावीच्या आदल्या वर्षापर्यंत.

त्या आदल्या वर्षीच त्यांनी टीव्ही गेम आणला होता. उल्हासनगरच्या कॅम्प एकमधून. तिथल्या त्या गल्लीत जगातली कुठलीही वस्तू मिळायची, फक्त खऱ्या कंपनीची सोडून. राखाडी डबा, दोन वायरवाले रिमोट, आणि एक पिवळी कॅसेट जिच्यावर नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव गेम असं छापलेलं होतं. घरी येऊन बघितलं तर गेम सगळे मिळून आठ. तेच आठ पुन्हा पुन्हा, वेगवेगळ्या नावांनी. मी रडकुंडीला आलो, आई म्हणाली, "फसवलं हो तुम्हाला." अण्णा शांतपणे म्हणाले, "अगं, आठ तरी आहेत ना. पोराला एक खेळून झाला की दुसरा."

त्या आठांतला अण्णांना झेपणारा एकच. रणगाड्यांचा. एक हिरवा रणगाडा, एक पिवळा, दोघांनी मिळून विटांचा किल्ला राखायचा. अण्णा कायम पिवळा घ्यायचे. शुक्रवारी सकाळी आमच्याकडे वीज जायची, कारखाने बंद म्हणून दुरुस्तीची कामं त्याच दिवशी निघत. दुपारी पंखा गरगरला की अण्णा हातातलं वर्तमानपत्र टाकून उठत, कॅसेटच्या तोंडात दोनदा फुंकर मारत आणि जमिनीवर मांडी घालून बसत. बारा तास यंत्राच्या दांड्यावर ठरणारा त्यांचा हात त्या चिमुकल्या बटणावर ठरत नसे. रणगाडा उजवीकडे न्यायचा असला की ते स्वतःच उजवीकडे कलंडत. वर न्यायचा असला की रिमोट धरलेले दोन्ही हात वर जात, अगदी आरती ओवाळल्यासारखे. वायर ताणून डबा शेल्फावरून खाली यायचा आणि आई स्वयंपाकघरातून ओरडायची. गोळी चुकून स्वतःच्याच किल्ल्याला लागली की अण्णा गडगडून हसायचे. मी त्यांना इतकं हसताना दुसऱ्या कुठल्या प्रसंगी पाहिल्याचं मला आठवत नाही.

दहावी झाली तेव्हा मात्र इमारतीच्या जिन्यात हवा बदलली होती. निलेशकडे कम्प्युटर आला होता. निलेशचे वडील एका मोठ्या कारखान्यात ऑफिसर, त्यांचं घर दोन बेडरूमचं, आणि निलेशचं बोलणंही दोन बेडरूमचं. जिन्यात आम्ही सहा-सात पोरं बसायचो आणि रोज तोच वाद. टीव्ही गेमवाले म्हणायचे, लावला की चालू, व्हायरस नाही, बिघाड नाही, दोघं खेळा, चौघं आळीपाळीनं खेळा. निलेश एकटा कम्प्युटरच्या बाजूनं पुरून उरायचा.

"अबे, वो बच्चा लोगों का है," तो म्हणायचा. "कम्प्युटरमध्ये खरी गाडी दिसते, खरी. आरशात मागची गाडी पण दिसते. तुमच्यात काय दिसतं? ठिपके!"

खरं सांगायचं तर मलाही ते ठिपके आता बघवत नव्हते. पण मन बदलायला ठिपके पुरले नसते. एका शुक्रवारी निलेश सायकलचा पंप मागायला आमच्याकडे आला, आणि दारात उभं राहून त्यानं अण्णांना रणगाडा वर नेताना पाहिलं. बनियनवर, मांडी घातलेले, दोन्ही हात डोक्याच्या वर. तो पंप घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी जिन्यात त्यानं सगळ्यांसमोर अण्णांची नक्कल केली. हुबेहूब केली. पोरं पोट धरून हसली. मीही हसलो, आणि मी हसलो हे मला आजही डाचतं. पुढच्या शुक्रवारी अण्णांनी कॅसेटमध्ये फुंकर मारली तेव्हा मी डोकं दुखतंय म्हणून आतल्या खोलीत जाऊन पडलो.

मग मी कम्प्युटरचा धोशा लावला. आता कॉलेज, आता पुढे कम्प्युटरशिवाय काही नाही, शिक्षक म्हणतात, सगळे म्हणतात. टीव्ही गेमनं डोळे जातात हेही मी सांगितलं. कम्प्युटरनं जात नाहीत, असा त्याचा अर्थ निघत होता आणि तो कोणी तपासला नाही. आमच्या इथल्या कारखान्यात काम करणाऱ्या बापांचा एक ठरलेला संकोच असतो. मुलानं 'अभ्यासासाठी' म्हटलं की ते पुढे प्रश्न विचारत नाहीत. स्वतः कमी शिकलो, मग विचारणार काय, असं त्यांना वाटतं. अण्णांनी एकदाच विचारलं, "गेमपण असतात का त्यात?" मी म्हटलं, "असतात थोडे."

मेच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही पुन्हा कॅम्प एकमध्ये गेलो. यावेळी सुटे भाग जोडून कम्प्युटर बनवून देणाऱ्याकडे. अण्णांनी टीव्ही गेम सोबत घेतला होता. जुना देऊन नवा घ्यायची तिथली पद्धत, आणि दुकानदारानं जुनं जे असेल ते आणा असं फोनवर सांगितलं होतं. दोन्ही रिमोटच्या वायरी अण्णांनी नीट गुंडाळून रबर लावले होते. सिंधी दुकानदारानं डबा उलटापालटा करून पाहिला, हसला, आणि त्याच्या बदल्यात माऊसखाली ठेवायचं एक निळं पॅड काढून दिलं.

"साईं, ये तो अब कोई नहीं लेता. आपके लिए रख रहा हूँ."

अण्णांनी मान डोलावली. मग जरा पुढे वाकून, मी ऐकू नये अशा बेतानं त्यांनी विचारलं, "इसमें दो आदमी खेल सकते हैं ना?"

"सब होता है इसमें. दो क्या, दस खेलो."

मी ऐकलं होतं. परतताना रिक्षात मांडीवर मॉनिटरचा खोका होता आणि वालधुनी नदीच्या पुलावरून जाताना कारखान्यांच्या पाण्याचा नेहमीचा उग्र वास आला. अण्णा खोक्याआडून म्हणाले, "आता मज्जा आहे तुमची." 'तुमची' म्हणाले, पण चेहरा स्वतःचीही असल्यासारखा होता.

पहिला शुक्रवार आला. वीज बारा वाजता परत आली. अण्णांनी जेवणाच्या आधीच स्टूल ओढून माझ्या खुर्चीशेजारी ठेवलं. मोटारींच्या शर्यतीचा तो गेम मी चार दिवसांत पालथा घातला होता. त्याच्या सुरुवातीलाच विचारलं जायचं, एकटे खेळणार की दोघं? दोघं म्हटलं की पडदा आडवा दुभंगायचा, वर एकाची गाडी, खाली दुसऱ्याची. मला ते माहीत होतं. निलेश आणि मी तसे खेळलोही होतो. निलेश अजून थोड्या वेळानं येणार होता, हेही मला माहीत होतं.

"मी कुठून खेळू?" अण्णांनी विचारलं.

"यात एकालाच खेळता येतं अण्णा," मी म्हणालो. "कीबोर्ड एकच आहे ना."

त्यांनी कीबोर्डकडे पाहिलं. खरंच एकच होता. "हां," ते म्हणाले. स्टूल उचलून त्यांनी जागेवर नेऊन ठेवलं आणि ते माझ्यामागे पलंगावर बसले. "तू खेळ, मी बघतो."

त्या खोलीत पलंग आणि टेबल यांच्यात दोन हातांचंही अंतर नव्हतं. माझ्या पाठीमागे त्यांचा श्वास ऐकू यायचा. वळणावर गाडी झुकली की पलंगाची करकर ऐकू यायची, म्हणजे तेही झुकले. निलेश आला की ते उठून आत जायचे. मग निलेश आणि मी आरामात पडदा दुभंगून खेळायचो, आवाज बंद करून. दार ढकललेलं असायचं, बंद नसायचं.

पुढच्या एका शुक्रवारी, निलेश गावाला गेला होता तेव्हा, अण्णांनी मागून विचारलं, "त्या डाव्या बाजूच्या बटणांचं काय काम असतं रे?"

"टायपिंगचं."

"बरं."

मेचा जून झाला. पाऊस, रिझल्ट, अॅडमिशनच्या रांगा. अण्णा शुक्रवारी बसायचे, कधी अर्धा तास, कधी वर्तमानपत्र घेऊन. नंतर नंतर ते नुसते आडवे होऊ लागले आणि मला वाटलं, सुटलो. असं वाटलं हे मी लपवत नाही. पंधरा-सोळा वर्षांच्या पोराला बापापासून सुटल्यासारखं वाटणं हे काही जगावेगळं नाही, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आलो. ते खरंही आहे. पण सगळी पोरं त्यासाठी बापाला स्टूल उचलायला लावत नाहीत.

सई दाखवते ते व्हिडिओ मी आता मन लावून ऐकतो. चित्र किती स्पष्ट, वेग किती, भाग बदलता येतात की नाही, नेम माऊसनं बरा लागतो की रिमोटनं. सगळं बोलतात. बसायचं कुठे हे कोणी बोलत नाही. टीव्ही घराच्या मध्यभागी असतो, त्याच्यासमोर जमिनीवर कितीही माणसं मावतात. कम्प्युटर भिंतीकडे तोंड करून असतो आणि त्याला एक खुर्ची असते. मी हे तत्त्वज्ञान म्हणून सांगायला गेलो तर सई म्हणेल, बाबा, आता कम्प्युटरलाही रिमोट जोडता येतो, टीव्हीपण लावता येतो. बरोबरच आहे तिचं. दोष त्या बिचाऱ्या कम्प्युटरचा कधीच नव्हता. दुकानदार म्हणालाच होता, सब होता है इसमें.

पुढे माझं कॉलेज, मग नोकरी, मग माझेही रविवार. अण्णांचा कारखाना एका वर्षी बंद पडला आणि त्यांचे सगळेच वार शुक्रवार झाले. एका घरात राहूनही आम्ही कधी शेजारी बसून काही केलं असं मला आठवत नाही. लग्नाच्या पंगतीतसुद्धा मी वाढायला असायचो. आई गेली तेव्हा चौथ्या दिवशी आम्ही दोघं बाकावर शेजारी बसलो होतो, भेटायला येणाऱ्यांना नमस्कार करत. झटक्यानंतर मी त्यांना भरवतो, फिरवतो, दाढी करतो. लोक म्हणतात, मुलगा खूप करतो हो वडिलांचं. मी ऐकून घेतो. दाढी करताना माणूस समोर बसलेला असतो, शेजारी नाही.

गेल्या रविवारी सईच्या मैत्रिणीनं गावाला जाताना आपला कन्सोल चार दिवसांसाठी आमच्याकडे ठेवला. निकाल लावायला बरा, म्हणून. सईनं तो अण्णांच्या खोलीतल्या टीव्हीला जोडला, कारण थंड खोली तीच. मी दारात कपड्यांच्या घड्या करत उभा होतो. दोन रिमोट होते, बिनवायरचे, गुळगुळीत. एक तिनं स्वतः घेतला आणि दुसरा सरळ अण्णांच्या मांडीवर ठेवला.

"आजोबा, तुम्ही निळी गाडी. या दोन दांड्या, एक या अंगठ्यानं, एक त्या."

अण्णांनी डाव्या हातानं रिमोट धरला. उजवा हात मांडीशेजारी होता तिथेच राहिला. त्यांनी त्याच्याकडे एकदा पाहिलं, रिमोट पोटाशी टेकवून एका हातानं दोन्ही दांड्या हलवून पाहिल्या. निळी गाडी भिंतीला जाऊन थडकली आणि तिथेच घरघरत राहिली. सईच्या लक्षात आलं. तिनं रिमोट हळूच काढून घेतला, तिचे डोळे भरले होते.

"सॉरी आजोबा. याला दोन हात लागतात." मग नाक ओढत, माझ्याकडे वळून, "पण कम्प्युटर घेतला तर तिथे तर आजोबा खेळूच नाही शकणार. रिमोट जोडला तरी दोन हात लागणार, आणि कीबोर्ड तर एकच असतो."

"एकावर दोघं खेळतात की," अण्णा म्हणाले.

जड जिभेनं, पण अगदी स्पष्ट. डावा हात त्यांनी चादरीवर ठेवला. मधलं बोट पुढे सरकवलं, मग ते मागे घेऊन तीन बोटं एका ओळीत टेकवली.

"एकानं बाणाची बटणं घ्यायची. दुसऱ्यानं ही, डावीकडची. डब्ल्यू, ए, एस, डी. डब्ल्यू म्हणजे पुढे. एस म्हणजे ब्रेक. एका हाताचं काम आहे."

सई बघतच राहिली. "आजोबा! तुम्हाला कसं माहीत?"

"आमच्या हजेरीच्या टाइम ऑफिसात एक पोरगा होता, कम्प्युटरवर बसायचा. त्यानं कागदावर काढून दिलं होतं. कंपनीच्या बसमध्ये पाठ केलं मी, आठवडाभर."

माझ्या हातात अर्धी घडी घातलेली चादर होती. ती तशीच राहिली.

"म्हणजे तुम्ही आणि बाबा खेळायचात?"

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं नाही. ते भिंतीला लागून थांबलेल्या निळ्या गाडीकडे बघत होते.

"नाही गं. तेवढ्यात त्याचं कॉलेज सुरू झालं. वेळच नाही मिळाला त्याला."

कम्प्युटर मेच्या दुसऱ्या आठवड्यात आला होता. कॉलेज सुरू झालं ऑगस्टमध्ये. मधले सगळे शुक्रवार अण्णा माझ्यामागे पलंगावर बसले होते.

"हो का, बाबा?" सईनं विचारलं.

"हो," मी म्हणालो.